ट्रॉम्बोनवाल्याचं पोट

"तुमच्यातला एकही जण माझ्यावर विश्वास ठेवणार नाही," मी म्हणालो, "आणि ठेवलाच, तर गोष्ट सांगण्यात माझंच काही कमी पडलं असं मी समजेन. तरी ऐका. एकोणीस वर्षांपूर्वी या पोटात आतड्यानं आतडं गिळलं होतं. थोडंथोडकं नाही, अडीच हात. आणि डॉक्टरीणबाईंनी ते पोट न फाडता बाहेर काढलं. चार भोकं पाडली, एकातून दुर्बीण घातली, झालं काम."

"आतड्यानं आतडं गिळलं," ढोलवाला पोपट म्हणाला. "मग ढेकर कुणी दिला?"

चौघं हसले. पाचवा हसला नाही, कारण तो दोन्ही हातांनी पोट धरून लिंबाच्या बुंध्याला टेकला होता. त्याच्यासाठीच मी तोंड उघडलं होतं.

मिरजेच्या बाहेर, पंढरपूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाची मागची बाजू होती ती. अक्षता पडून अर्धा तास झाला होता. आत पहिली पंगत बसली होती आणि नवऱ्याकडचा बँड रीतीप्रमाणे मागं झाडाखाली बसला होता, कारण बँडवाले शेवटच्या पंगतीला. लाल कोट फांदीला अडकवलेले, वाद्यं ताडपत्रीवर आडवी. मी खरं तर पाहुणा. पत्रिका खिशात होती, तिच्यावर पेनानं 'जरूर यावे' असं लिहिलेलं होतं. पण नवरीच्या बापाशी माझं जरा जुनं आहे. दारापर्यंत गेलो, तिथून पाय पुढं पडेना, आणि मागून पितळेचा आणि घामाचा वास आला. त्या वासामागं इकडं आलो, मंडपाकडं पाठ करून बसलो. बँड जयसिंगपूरकडचा होता, सगळे चाळिशीच्या आतले. मला ओळखणारं कुणी नव्हतं.

बुंध्याला टेकलेला तो कॉर्नेटवाला, रमजान. तिशी-बत्तिशीचा गडी. नवऱ्याचा परण्या वाजतगाजत मारुतीला निघाला तेव्हा त्यानं दोनदा वाद्य खाली घेतलेलं मी रस्त्यावरून पाहिलं होतं.

"किती दिवस होतंय?" मी विचारलं.

"महिना झाला की," रमजान म्हणाला. "येतंय आन जातंय. आलं की वाटतं मेलो. गेलं की काय बी न्हाय. डॉक्टरकडं जावं तर तिथं मी ठणठणीत."

तेवढ्यात त्यांचा मास्तर, विलास नाव त्याचं, काळा चष्मा कपाळावर चढवत आला. रमजानकडं बघून म्हणाला, "हवा धरलीया. फुंकणाऱ्याला व्हायचंच. सोडा पी. जेवान झालं की ढोलावर लोळवू, सुटंल." एवढं बोलून तो पंख्याखालची खुर्ची शोधायला गेला.

ढोलावर लोळवू. हे दोन शब्द मी एकोणीस वर्षांत ऐकले नव्हते.

"त्यानं ढोलावर घातलं तर त्याचा हात मोड," मी रमजानला म्हणालो.

"का ओ आजोबा, तुम्ही डॉक्टर काय?" पोपटनं विचारलं.

"डॉक्टर नाही. ट्रॉम्बोन."

आणि मग मी सांगायला सुरुवात केली ती अशी.

*

आमचा बँड कवठेमहांकाळकडचा. चौदा माणसं. चौदा माणसांवर एक मास्तर. त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की मला चूळ भरावी लागते, आणि इथं पाण्याची टाकी लांब आहे. पांढरे हातमोजे घालायचा. उन्हाळ्यात, मे महिन्यात, पांढरे हातमोजे. गळ्यात पितळी शिट्टी. आणि आम्हाला कुणाला नावानं हाक मारायचा नाही. ए क्लॅरिओनेट, इकडं ये. ए खुळखुळा, झोपलास काय. मी होतो 'ए ट्रॉम्बोन'. नऊ वर्षं त्याच्याकडं वाजवलं, पण माझं नाव त्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्याचा एक नियम होता. त्याची शिट्टी होईपर्यंत कुणी वाद्य तोंडाचं काढायचं नाही. घोडं बिथरो, वरमाई रुसो, पाऊस पडो. एकदा डफळापूरच्या लग्नात त्याची शिट्टी गर्दीत पडली. शिट्टी नाही म्हणून आम्ही थांबलो नाही. नवरा-नवरी जेवली, झोपली, उठली, नवरी नांदायला गेली, आणि आम्ही वाजवतोय. तिसऱ्या दिवशी एका म्हशीच्या शेणात शिट्टी सापडली तेव्हा सुटलो.

"म्हशीनं वाजवली न्हाय ती?" पोपट म्हणाला.

वाजवली असती तर आम्ही म्हशीला मास्तर म्हटलं असतं. बरा चालला असता कारभार.

तर त्या मास्तराच्या डोक्यात एकच रोग होता, हवा. फुंकणारा माणूस हवा गिळतो, ती अंगात फिरते, असा त्याचा सिद्धांत. डोकं दुखलं, हवा चढली. गुडघा धरला, हवा उतरली. क्लॅरिओनेटची बायको माहेरी गेली तर म्हणाला, ह्याला हवा झालीय. त्याचा बाप हवेनंच गेला असं तो सांगायचा. पुढं कळलं की बापाला क्षय होता. आणि उपाय एकच, ढोलावर लोळवणं. मोठा ढोल आडवा टाकायचा, त्यावर माणूस पालथा घालायचा, एकानं पाय धरायचे आणि मास्तरनं पाठीवर भार देऊन पुढं-मागं लोळवायचं. पाच-सात ढेकर यायचे, गडी हसत उठायचा. तसे पंधरा-वीस गडी उठले असतील, म्हणून तर त्याला माज.

माझं पोट मार्गशीर्षात दुखायला लागलं. तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली तेव्हा. बेंबीच्या आसपास पीळ पडायचा, कुणी ओल्या कपड्याला द्यावा तसा. घाम फुटायचा. उलटी. मग पाच मिनिटांनी काही नाही, वर भूक. बायको, शेवंता तिचं नाव, मला तीनदा गावातल्या दवाखान्यात घेऊन गेली. पण ते दुखणं इमानदार नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर थांबायचं, आत यायचं नाही. डॉक्टर पोट दाबायचा, मी उताणा पडून छताकडं बघायचो, दुखत नाही म्हणायचो. तो पित्ताच्या गोळ्या द्यायचा. बाहेर आलो की दुखणं चपलांपाशी बसलेलंच.

रमजाननं मान हलवली. त्यानं मघापासून मांडी बदलली नव्हती.

सहा महिने असे गेले. गडी पुरुषाचं वजन अकरा किलोनं उतरलं. कोट खांद्यावरून घसरायला लागला. मास्तरनं काय करावं? शिंप्याला बोलावलं आणि कोट आत घालून घेतला. माणूस वाळतोय हे त्याला दिसलं, तरी त्यानं कोट दुरुस्त केला. ह्याचा मला अजून संताप येतो. आंधळा माणूस असता तर माफ केलं असतं.

मग आला मे महिन्यातला तो रविवार. जतच्या एका कंत्राटदाराच्या मुलाचं लग्न. बाराचा मुहूर्त. घोड्यावर नवरा, पुढं आम्ही, डांबर असं तापलेलं की चप्पल उचलताना चिकटायची. मारुतीपासून मंडप तीनशे पावलं. त्यातली शंभर पावलं झाली आणि पोटात जे आलं ते आधी कधी आलं नव्हतं. मी वाकलो. हिरवी उलटी झाली, पुढच्या ताशावाल्याच्या पायावर. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, शिट्टी झाली नसताना, मी ट्रॉम्बोन तोंडाचा काढला.

बँड थांबला. घोडं थांबलं. नवरा वरून म्हणाला, "काय झालं?" आणि मास्तर आला.

"ए ट्रॉम्बोन. काय चाललंय?"

"मास्तर, मरतोय मी."

"मरताना माणूस बोलत नाही. हवा अडकलीय. ढोल आणा."

भर रस्त्यात, वऱ्हाडासमोर, घोड्याच्या पुढं, ढोल आडवा पडला. दोघांनी उचलून मला त्यावर पालथा घातला. मी म्हणालो, नको. मी म्हणालो, मास्तर, पाया पडतो, नको. वऱ्हाडातली पोरं हसत होती. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मास्तरनं हातमोजे काढले, खिशात ठेवले, आणि एक हात पाठीवर, एक हात पोटाखाली घालून लोळवायला लागला. पुढं, मागं. पुढं, मागं. आणि तेव्हा ती गाठ हाताला लागली. बेंबीच्या डाव्या अंगाला, लांबट, केळ्याएवढी, घट्ट. हवा अशी लागत नाही. हवा दाबली की सरकते. ही हाताखाली तशीच राहिली. हात एकदा तिथं थांबला. मग पुन्हा लोळवायला लागला.

"कुणाच्या हाताला?" पोपटनं विचारलं.

"काय?"

"गाठ कुणाच्या हाताला लागली? तुम्ही पालथे. हात मास्तरचा."

"माझ्याच हाताला," मी म्हणालो. "माझा एक हात अडकला होता पोटाखाली. आता मधे बोलू नकोस."

ढेकर आला नाही. मास्तरनं हातमोजे चढवले, एकेक बोट ओढून नीट बसवलं, आणि म्हणाला, "सुटली हवा. घे. मुहूर्त टळंल." तेवढंच. मुहूर्त टळेल. मी उभा राहिलो, कसा ते विचारू नका, आणि उरलेली दोनशे पावलं वाजवली. मंडपाच्या दारात शिट्टी झाली. मी ट्रॉम्बोन तोंडाचा काढला आणि आचाऱ्याच्या जळणाच्या ढिगावर आडवा झालो.

क्लॅरिओनेटनं आणि खुळखुळ्यानं मला भाड्याच्या टेम्पोत घातलं आणि मिरजेला आणलं. मास्तर आला नाही. दुपारी त्याची दुसरी सुपारी होती.

*

मिरजेत ज्या दवाखान्यात नेलं तिथं एक बाई होत्या, डॉक्टर मगदूम. पस्तिशीच्या असतील, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी पोटाला हात लावला तो असा, की जणू झोपलेल्या मुलाला लावतायत. बेंबीच्या डाव्या अंगाला आल्या आणि थांबल्या. मग त्यांना ढोलाच्या कडीचा काळानिळा वळ दिसला.

"हे काय आहे?"

क्लॅरिओनेटनं सांगितलं, ढोल.

"कुणी केलं?"

"मास्तरनं. हवा काढायला."

बाईंच्या हातातलं पेन वाकलं. लोखंडी पेन. मी डोळ्यांनी बघितलं. तिथून सीटी स्कॅन. त्या यंत्रात मला भाकरीसारखा आत सरकवला. फोटो आला तो बाईंनी शेवंताला दाखवला. तोवर ती आली होती, चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन, पायात दोन वेगळ्या चपला. फोटोत गोल, गोलात गोल, त्यात आणखी गोल, कांद्याची चकती धरावी तसं.

"धंदा काय करतात हे?" बाईंनी विचारलं.

"ट्रॉम्बोन वाजवत्यात," शेवंता म्हणाली.

"मग सोपं आहे. ट्रॉम्बोनमधे एक नळी दुसऱ्या नळीत सरकते ना? तसं यांचं आतडं पुढच्या आतड्यात सरकलंय. ट्रॉम्बोनची नळी बाहेर ओढता येते. ही अडकलीय. लहान मुलांत हे होतं, मोठ्या माणसात फार क्वचित. मोठ्यात झालं की आत बहुतेक एखादी गाठ असते. आतडं तिला अन्न समजून पुढं ढकलतं, आणि गाठीबरोबर स्वतःच आत ओढलं जातं. कधी सुटतं, कधी अडकतं. म्हणून यांचं दुखणं येत-जात होतं. यांना वेड लागलं नव्हतं."

हे शेवटचं वाक्य ऐकून शेवंता रडली. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की हा माणूस खोटं बोलत नाही.

"आणि अजून दोन तास वाजवलं असतं," बाई म्हणाल्या, "तर आतडं काळं पडलं असतं. मग मी काही करू शकले असते की नाही, मला माहीत नाही."

ऑपरेशन त्याच संध्याकाळी. आधी बेंबीपाशी एक भोक पाडलं आणि त्यातून पोटात गॅस भरला. हो, भरला. पोट फुगवून आत जागा करतात, दुर्बिणीला दिसावं म्हणून. सहा महिने तो हरामखोर ओरडत होता, पोटात हवा आहे, हवा आहे, आणि अख्ख्या भानगडीत खरी हवा गेली ती डॉक्टरांनी घातलेली. इतकी घातली की मी टेबलावरून वीतभर वर उचलला गेलो, नर्सनं पाय धरून खाली आणलं. मग आणखी तीन भोकं. एकातून चिमटा, एकातून कात्री, एकातून काय ते आठवत नाही. समोर टीव्ही होता, त्यावर मी माझं आतडं बघत होतो. गुलाबी, ओलं, चमकणारं. आणि एका जागी नळीत नळी शिरलेली, गच्च.

"भूल दिली हुती न्हवं?" पोपट म्हणाला.

"दिली होती."

"मग टीव्ही कसा बघितला?"

"एक डोळा उघडा राहिला होता."

रमजान पण हसला तेव्हा. हसताना पोट दाबून धरलं त्यानं, पण हसला. मला बरं वाटलं.

अडकलेला भाग त्यांनी कापून वेगळा केला, दोन्ही टोकं जोडली, आणि तुकडा पिशवीत घालून खालच्या बाजूच्या एका चिरेतून बाहेर काढला. गाठ चरबीची असावी असं वाटलं, पण तपासायला पाठवली. आठ दिवस रिपोर्टची वाट बघितली. ते आठ दिवस शेवंता जेवली नाही. रिपोर्ट चांगला आला. चरबीचीच होती. त्याआधी, पाचव्या दिवशी घरी सोडताना बाईंनी कागदावर लिहून दिलं, दीड महिना जड उचलायचं नाही, फुंकायचं नाही.

आता ऐका. खरी गोष्ट इथं आहे. इथपर्यंतचं एखाद्या मूर्ख माणसाच्या हातून होतं. याच्या पुढचं नुसत्या मूर्खाच्या हातून होत नाही.

शेवंता तो कागद घेऊन मास्तरच्या घरी गेली. मास्तर अंगणात हातमोजे धुऊन दोरीवर घालत होता, एकेका बोटाला एकेक चिमटा लावून. दहा बोटं, दहा चिमटे. कागद त्यानं हातात घेतला नाही, हात ओले होते म्हणून.

"टाके किती पडले?" त्यानं विचारलं.

"टाके थोडेच हायत. दुर्बिणीचं ऑपरेशन हाय, मास्तर. चार भोकं पाडल्यात."

"भोकं? भोकं क्लॅरिओनेटला असतात बाई. माझ्या सासऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा इथून इथपर्यंत शिवण होती, उसाच्या मोळीगत. त्याला ऑपरेशन म्हणतात. भोकं पाडून कुणाचं आतडं निघतं होय?"

"मास्तर, तुमी दवाखान्यात आला असता तर बघितलं असतं."

"त्याला इथं येऊन दाखवू दे. सगळ्या बँडला दाखवू दे. नाहीतर उद्या ढोलाला भोक पडलं म्हणून सगळेच दीड महिना घरी बसतील."

"आजोबा," पोपट म्हणाला, "दहा चिमटे काकूंनी मोजले व्हय?"

"बायकांचं लक्ष असतं."

"अंगणात वाळत घातलेल्या हातमोज्यांवर?"

"तुला ऐकायचंय का नाही?"

बाराव्या दिवशी मी एसटीनं कवठ्याला गेलो. बँडच्या गाळ्यात सगळे बसले होते आणि सुपारी द्यायला आलेले चार-पाच पाहुणेही होते. हातात त्यांच्या चहाच्या कपबश्या. मास्तर म्हणाला, "आलास. दाखव."

"पाहुणे आहेत, मास्तर."

"बरं झालं, साक्षीदार मिळाले. वर कर शर्ट."

मी शर्ट वर केला. इथं नऊ वर्षं वाजवलेला माणूस, वजन बेचाळीस किलो, चार चिकटपट्ट्या पोटावर. मास्तर वाकला. चष्मा लावला. मग पाहुण्यांकडं वळून म्हणाला, "ह्याला डास चावल्यात." आणि सगळे हसले. पाहुणे हसले, खुळखुळा हसला, क्लॅरिओनेट हसला, ज्यानं मला टेम्पोत घातलं होतं तो. हसले नसते तर त्यांना सुपारी कोण देणार होतं?

तेव्हा मी काय केलं, सांगू? कोपऱ्यात माझा ट्रॉम्बोन होता. तो उचलला आणि त्या मास्तरच्या पायावर असा आपटला की त्याच्या बुटाचं नाक आत गेलं. आणि सगळ्यांच्या समोर म्हणालो, "तुमच्या पोटात असं काही होईल तेव्हा मी येईन. येईन आणि हसेन. आणि एकच विचारीन, टाके कुठं आहेत?" असं म्हणालो. तोंडावर म्हणालो. त्याचा चेहरा असा पडला की पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला, उठले आणि सुपारी दुसऱ्या बँडला दिली. पुढच्या सिझनला तो बँड मोडला. मास्तर देशोधडीला लागला. आणि त्याची तीच लायकी होती. मी सांगतो ना, त्याची तीच लायकी होती.

माझा आवाज चढला होता. पोपटची चेष्टा करायची हिंमत झाली नाही. आतून पंगतीचा आवाज येत होता, वाढप्यांचं भात भात, मठ्ठा मठ्ठा.

"म्हणून सांगतो," मी रमजानला म्हणालो. "आज जा. लग्नं होत राहतात."

रमजान माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. मला वाटलं, कळ आली.

पोपट हळूच म्हणाला, "दाखवा की आजोबा. भोकं."

"कसली?"

"चार. तुमच्या पोटावरची."

"दुर्बिणीचं काम होतं," मी म्हणालो. "एकोणीस वर्षं झाली. पुसली ती कधीच."

"पुसत न्हाईत," मागून कुणीतरी म्हणालं.

मी वळलो नाही. वळायची गरज नव्हती. एक माणूस बाजूनं पुढं आला. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात रेशमी सदरा, खांद्यावर टॉवेल, एका हातात पाण्याचा जग. नवरीचा बाप. बँडवाले त्याच्याकडं बघून उभे राहिले.

"बसा, बसा," तो म्हणाला. "जेवायला बोलवायला आलोय. माझ्या दारात आधी बँडवाले जेवणार. मघाशीच आलो हुतो. ढोलाचं चाललं हुतं, म्हणून थांबलो." मग त्यानं जग खाली ठेवला आणि रमजानला म्हणाला, "तू मात्र जेवू नगंस. ऊठ. माझ्या मेव्हण्याची गाडी दारात हाय, मिरजेला सोडंल. दुखतंय तवर पोच. थांबलं की कोण मानत न्हाय."

"पर मास्तर..." रमजान म्हणाला.

"तुझ्या मास्तरला मी बघतो."

मग त्यानं टॉवेल पोपटच्या हातात दिला, सदरा दोन्ही हातांनी वर केला आणि बोट लावून दाखवलं. "एक बेंबीपाशी. दोन उजव्या अंगाला. आन हे खालचं, तीन बोटांचं, हितनं बाहेर काढलं. वीतभर हुतं, अडीच हात न्हाय."

पोपट त्या पोटाकडं बघत होता, मग माझ्याकडं, मग पुन्हा त्या पोटाकडं.

"म्हंजे ह्यांनी सांगितलं ते..."

"गोष्ट खरी हाय," नवरीचा बाप म्हणाला. "ट्रॉम्बोन तेवढा कुणी कुणाच्या पायावर घातला न्हाय. मी शर्ट खाली केला, ट्रॉम्बोन फडक्यानं पुसला, पेटीत ठिवला आन एसटीनं घरी गेलो. काय बी बोललो न्हाय. पोट माझं हुतं. आन ज्याचं नाव ह्यांच्या तोंडातनं निघंना, ते मास्तर म्हंजे हेच."

त्यानं सदरा खाली सोडला. वाकून जग उचलला, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"पण मास्तर," तो म्हणाला, "गाठ हाताला लागली हुती, हे मला आजच कळतंय."